खोटी नोट : काउंटरवर ओळखायची कशी आणि ओळखल्यावर करायचं काय

प्रश्न एका दुकानमालकाचा आहे. दर काही महिन्यांनी बँकेत भरणा करताना एखादी नोट खोटी निघते. बँक ती ठेवून घेते आणि खात्यात तेवढे पैसे कमी जमा होतात. काउंटरवर निळा दिवा आहे, तपासायचं पेन आहे, तरी हे थांबत नाही. तर मोठं मशीन घ्यावं का? आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना नोट खोटी वाटली तर काय बोलायचं, ती परत द्यायची की ठेवून घ्यायची?

माझं काम रोकड तपासण्याचं, आणि हल्ली दुकानांतल्या कॅशियरना मी हेच शिकवतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मशीनबद्दल शेवटी बोलू, कारण तो विचार शेवटीच करायचा असतो. दुकानात येणाऱ्या बहुतेक खोट्या नोटा पकडायला मशीन लागतच नाही. हातात घेऊन एकदा नीट बघितल्या तर कळतात. पण बघितल्या जात नाहीत.

याचं टोकाचं उदाहरण अमेरिकेतलं. न्यूयॉर्कमध्ये एमेरिक युटनर नावाचा एक म्हातारा १९३८ ते १९४८ अशी जवळपास दहा वर्षं घरच्या घरी एक डॉलरच्या नोटा छापून चालवत होता. कागद बाजारात मिळणारा साधा. छपाई इतकी गचाळ की वॉशिंग्टनच्या नावातली अक्षरंसुद्धा उलटसुलट झाली होती, आणि तरी त्या नोटा चालल्या. अमेरिकेची सीक्रेट सर्व्हिस १८६५ मध्ये स्थापन झाली ती मुळात खोट्या नोटांचा बंदोबस्त करायला. ती मागावर असूनही हा माणूस सापडला नाही, कारण तो एका दुकानात एकच नोट द्यायचा, आणि एक डॉलरच्या नोटेकडे कोण निरखून बघतंय? शेवटी त्याच्या घराला आग लागली, सामान बाहेर फेकलं गेलं, त्यातल्या नोटा पोरांच्या हाती लागल्या आणि छडा लागला. शिक्षा एक वर्ष एक दिवस, दंड एक डॉलर. (खराच भरला असावा.)

म्हणून 'मोठी नोट तेवढी तपासायची' हा नियम मी कोणाला सांगत नाही. युरोपात खोट्या नोटांच्या आकडेवारीत वर्षानुवर्षं वीस आणि पन्नास युरोच्या नोटा सर्वांत वर असतात, दोनशेच्या नव्हेत. दोनशेची नोट दिसली की कॅशियर सावध होतो, पन्नासची दिसली की सुट्टे मोजायला लागतो. खोटी नोट चालवणाऱ्याला हे तुमच्याआधी कळलेलं असतं. रोजच्या व्यवहारात सर्वांत जास्त फिरणारी मधली नोट कोणती ते बघा. धोका तिथे आहे.

आता ओळखण्याकडे येतो. मध्यवर्ती बँका तीन गोष्टी सांगतात: चाचपा, उजेडात धरा, तिरकी करा. पोस्टरवर हे वाचून सगळेच मान डोलवतात, पण नोट कशी बनते हे माहीत असेल तर बोटांना नेमकं काय शोधायचं ते कळतं.

बहुतेक कागदी नोटांचा कागद झाडाच्या लगद्याचा नसून कापसाच्या तंतूंचा असतो. डॉलरमध्ये तीन हिस्से कापूस आणि एक हिस्सा लिनन असतं. म्हणून नोट चुरगाळली तरी फाटत नाही आणि कोरी असेल तर खडखड वाजते. घरगुती प्रिंटरचा कागद बोटाला एकतर जास्त गुळगुळीत लागतो किंवा लिबलिबीत. या कागदावर मुख्य चित्र, मोठे अंक आणि बँकेचं नाव हे धातूच्या पत्र्यावर खोल कोरून, त्या खाचांत शाई भरून, प्रचंड दाबाखाली छापतात. दाबाने कागद त्या खाचांत शिरतो आणि शाई उचलून आणतो, म्हणून रेघ उभारून येते. अंगठ्याचं नख चित्रातल्या माणसाच्या कोटावरून आडवं फिरवून बघा. खऱ्या नोटेवर बारीक खरखर लागते. प्रिंटरच्या नोटेवर नख सरळ घसरत जातं. काही लबाड पाठीमागून सुई किंवा दाते दाबून खोटा उठाव आणतात, पण तो मागच्या बाजूला खड्डा म्हणून सापडतो.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी नोटेच्या कडेला उठावदार रेघा ठेवलेल्या असतात. भारतात पाचशेच्या नोटेला दोन्ही कडांना पाच-पाच तिरप्या रेघा आहेत, युरोच्या नव्या मालिकेतही कडेला अशा रेघा आहेत. कॅशियरला मी सांगतो की नोट घेतानाच अंगठा त्या कडेवर पडेल अशी पकड बसवून घ्या. वेगळा वेळ लागत नाही, गिऱ्हाइकाला कळतही नाही. मात्र नोट खूप फिरली की हा उठाव झिजतो. जुनी मऊ नोट गुळगुळीत लागली म्हणून लगेच खोटी ठरवू नका. करकरीत कोरी नोट गुळगुळीत लागली, तर मात्र थांबा.

उजेडात धरल्यावर दोन गोष्टी बघायच्या: वॉटरमार्क आणि धागा. वॉटरमार्क छापलेला नसतो. कागद ओला असतानाच त्याची जाडी कुठे कमी, कुठे जास्त करून ते चित्र तयार होतं. त्यामुळे त्याच्या कडा मवाळ असतात, गडद भागातून फिक्या भागात जाताना पायरी दिसत नाही, आणि नोट टेबलावर सपाट ठेवली की तो जवळजवळ नाहीसा होतो. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. खोट्या नोटेवर वॉटरमार्क फिक्या शाईने छापलेला असतो, त्यामुळे टेबलावरही दिसतो आणि त्याची कड रेखल्यासारखी असते. म्हणजे 'वॉटरमार्क दिसतो का' एवढं बघून भागत नाही. तो उजेडात दिसायला हवा आणि एरवी दिसायला नको.

धाग्याचंही तसंच. खरा धागा कागदाच्या आत असतो. काही नोटांत तो ठरावीक अंतराने वर येतो आणि परत आत जातो, तुटक चमकदार तुकडे दिसतात. पण उजेडासमोर धरली की तीच सलग काळी रेघ होते. खोट्या नोटेवर चंदेरी तुकडे वरून चिकटवलेले असतात किंवा करडी रेघ छापलेली असते. तुकडे असले तरी उजेडात ते तुटकच राहतात. नखाने हलकं खरवडलं तर कड सुटून येते.

मग तिरकी करणं. रंग बदलणारी शाई आणि होलोग्रामच्या पट्ट्या याच कारणासाठी आल्या की स्कॅनर आणि प्रिंटर एकाच कोनातला रंग पकडू शकतात. भारतीय पाचशेच्या नोटेचा धागा तिरका केल्यावर हिरव्याचा निळा होतो. युरोच्या नव्या नोटांवरचा अंक पाचूसारख्या हिरव्यावरून गडद निळा होतो आणि त्यावर उजेडाची एक पट्टी वरखाली सरकते. ऑक्टोबर २०१३ पासून आलेल्या शंभर डॉलरच्या नोटेत कागदात विणलेली निळी फीत आहे. तिच्यातल्या घंटा तिरक्या केल्यावर शंभरचे आकडे होतात. आणि गंमत अशी, की नोट वरखाली हलवली तर ही चित्रं डावीउजवीकडे सरकतात. चकाकणं वेगळं आणि बदलणं वेगळं. खोट्या नोटेवरची पन्नी भरपूर चकाकते, पण बदलत काहीच नाही.

तरी शंका राहिली तर दहापट मोठं दाखवणारं भिंग काढा. ते स्वस्त असतं आणि माझ्या मते निळ्या दिव्यापेक्षा कामाचं असतं. खऱ्या नोटेवर बारीक रेघा सलग, धारदार दिसतात आणि नुसत्या डोळ्याला ठिपका वाटणाऱ्या जागी सूक्ष्म अक्षरं वाचता येतात. इंकजेटच्या नोटेवर त्याच जागी निळे, गुलाबी, पिवळे शिंतोडे दिसतात. लेझरवर छापलेली असेल तर पावडर कागदावर नुसती बसलेली, किंचित चमकणारी, आणि घडीच्या रेषेवर तडकून पांढरा कागद उघडा पडलेला. एकदा ही घडीवरची तडक बघितली की पुढे भिंगाशिवायही ओळखू येते.

तुमच्याकडे जी दोन साधनं आहेत, पेन आणि निळा दिवा, त्यांच्यावर भिस्त ठेवल्यामुळेच बऱ्याच नोटा सुटत असाव्यात. पेनात आयोडीन असतं. साध्या कागदात स्टार्च असतो, आयोडीन त्याला लागलं की काळपट डाग उठतो. कापसाच्या कागदावर पिवळसर खूण राहते. म्हणजे पेन फक्त कागदाचा प्रकार सांगतं, नोट खरी की खोटी ते नाही. याचा फायदा घेऊन अमेरिकेत पाच डॉलरच्या खऱ्या नोटांची शाई धुऊन काढून त्याच कागदावर शंभर डॉलर छापले गेले. कागद अस्सल, त्यामुळे पेन खुशाल पास करतं. पण उजेडात धरली की धागा पाचच्याच नोटेचा असतो, निळ्या दिव्याखाली तो गुलाबीऐवजी निळा चमकतो, आणि वॉटरमार्कही पाचचाच निघतो. वॉटरमार्क 'आहे' एवढ्यावर समाधान मानणारा कॅशियर इथेही फसतो. तो कोणाचा आहे, कितीचा आहे हे बघावं लागतं. उलट बाजूनेही पेन दगा देतं: खऱ्या नोटेला कपड्यांचा स्टार्च लागला असेल तर ती काळी पडते.

निळ्या दिव्याचं तत्त्व असं, की साध्या कागदाला पांढरा करायला जी रसायनं घालतात ती अतिनील किरणांत लख्ख निळीपांढरी चमकतात, आणि नोटेच्या कागदात ती नसतात. त्यामुळे खरी नोट दिव्याखाली मंद राहते आणि तिच्यातले धागेदोरे, अंक तेवढे चमकतात. पण खिशात राहून कपड्यांबरोबर धुतली गेलेली खरी नोट साबणामुळे सबंध चमकते. आणि चमक नसलेला कागद मिळवणं, त्यावर चमकणारी शाई लावणं हे जरा तयारीच्या टोळीला अवघड नाही. दिवा ठेवा, पण दुसरं मत म्हणून.

प्लास्टिकच्या नोटांना पेन लागूच पडत नाही. ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये पहिली अशी नोट काढली, कॅनडा २०११ पासून आणि इंग्लंड २०१६ पासून त्या वाटेने गेले. तिथे बघायची ती पारदर्शक खिडकी: खऱ्या नोटेत ती नोटेचाच भाग असते, खोटीत कापून चिकटवलेली, आणि जोड बोटाला लागतो. बाकी तंत्र तेच.

खऱ्या नोटेवर खोटा आळ येणं हेही तितकंच घडतं आणि गिऱ्हाईक कायमचं तुटतं, म्हणून दोनचार गैरसमज इथेच मोडतो. क्रमांकात तारा असलेली नोट खोटी नसते. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी घातलेली ती बदली नोट असते, भारतात आणि अमेरिकेत दोन्हीकडे ही पद्धत आहे. पांढऱ्या कागदावर घासली आणि रंग उतरला म्हणून नोट खोटी हेही खरं नाही, उठावदार छपाईची अस्सल शाईसुद्धा घासल्यावर थोडी उतरते. एकाच किमतीच्या जुन्या आणि नव्या मालिका बाजारात एकत्र फिरत असतात, त्यांचं रूप वेगळं असणारच. २०१६ मध्ये भारतात नव्या नोटेत चिप बसवल्याची अफवा पसरली होती. तसलं काही नसतं. आणि फोनवरची ॲप्स: रिझर्व्ह बँकेचं 'मणी' नावाचं ॲप नोट कितीची आहे हे दृष्टिहीनांना सांगण्यासाठी आहे, ती खरी की खोटी हे ते सांगत नाही. तरी कॅशियर ते उघडून 'पास झाली' म्हणतात.

संशय आला की सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे त्याच किमतीची, त्याच मालिकेची खरी नोट शेजारी ठेवणं. साम्य शोधू नका, फरक शोधा. साम्य असणारच, त्यासाठीच ती छापली आहे. आकार, क्रमांकातली अंतरं, पुढच्यामागच्या छपाईचा उजेडात बसणारा मेळ, कडेचा पांढरा भाग. आणि दोन फरक सापडल्याशिवाय निकाल देऊ नका, कारण एक फरक झीज, डाग किंवा धुलाईमुळेही असू शकतो.

एवढं ज्ञान दिलं तरी काउंटरवर ते वापरलं जाईल याची खात्री नाही. खोटी नोट चालवणारा माणूस नोटेवर कमी आणि तुमच्या कॅशियरच्या लक्षावर जास्त विसंबतो. तो गर्दीच्या वेळी येतो, किंवा दुकान बंद होता होता. नवीन पोराच्या काउंटरवर जातो. लहानशी वस्तू घेऊन मोठी नोट देतो, कारण त्याला वस्तू नको असते, सुट्टे हवे असतात. नोट दुमडून देतो, म्हणजे वॉटरमार्कची बाजू आत राहते. जाड बंडल असेल तर खोटी मध्ये घालतो, वर आणि खाली खऱ्या. हातात नोट ठेवतानाच काहीतरी विचारतो: हे दुसऱ्या रंगात आहे का, बिलात नाव घालाल का. कॅशियर उत्तर देत देत नोट गल्ल्यात टाकतो. झालं.

यावर मी तीन सवयी लावतो. पहिली, नोट हातात आली की तोंड बंद. बोलायचं असेल तर नोट बघून झाल्यावर. कडेवर अंगठा, एकदा उजेडाकडे, एकदा तिरकी, बास. सरावाने हे दोनतीन सेकंदांत होतं, फक्त काउंटरवर डोक्याच्या उंचीला, कॅशियरच्या समोर चांगला पांढरा दिवा हवा. पिवळट, अंधुक उजेडात हे जमत नाही, आणि किती दुकानांत शोकेसवर झगझगाट आणि गल्ल्यावर अंधार असतो! दुसरी, गिऱ्हाइकाने दिलेली नोट सुट्टे परत देऊन होईपर्यंत गल्ल्यात जाणार नाही, बाहेर, दोघांना दिसेल अशी, वजनाखाली राहील. 'मी मोठी नोट दिली होती' हा वाद यानेच मिटतो. तिसरी, तपासणी प्रत्येकाची. ओळखीचा असो, नटूनथटून आलेला असो, म्हातारा असो. चेहरा बघून तपासणी केली की दोन्हीकडून नुकसान: सभ्य दिसणारा फसवून जातो आणि साधा माणूस अपमानित होतो.

एक डाव मात्र नोट परत देण्याच्या क्षणी खेळला जातो. गिऱ्हाईक खरी नोट देतं, मग 'थांबा, सुट्टे आहेत माझ्याकडे' म्हणून परत मागतं, पुन्हा विचार बदलून मोठी नोट देतं. या अदलाबदलीत दुसऱ्यांदा आलेली नोट वेगळी असते, आणि ती कोणी बघत नाही कारण 'आत्ताच तर बघितली'. नोट हातातून गेली आणि परत आली की ती नवीन नोट समजायची. दुसरं, खोट्या नोटेने घेतलेला माल दुसऱ्या दिवशी परत करून रोख मागणारे असतात. महाग मालाची परतफेड रोखीत करायची की नाही, हे दुकानाने आधीच ठरवून बिलावर छापलेलं बरं.

आता नोट खोटी वाटली तर. आधी हे डोक्यात पक्कं असू द्या, की समोरच्या माणसाला बहुधा ती तशीच कुठूनतरी मिळालेली असते. तो गुन्हेगार असण्यापेक्षा फसलेला असण्याची शक्यता जास्त. 'खोटी' हा शब्द काउंटरवर उच्चारूच नये. 'ही नोट मला घेता येत नाहीये, दुसरी देता का?' एवढंच, हळू आवाजात. भला माणूस बुचकळ्यात पडून दुसरी काढतो, किंवा विचारतो की काय झालं. तेव्हा शांतपणे सांगा की बँकेत दाखवून घ्या. लबाड असेल तो घाईने नोट मागतो आणि निघतो, कधी आवाज चढवतो. त्याला अडवायचं नाही, दार लावायचं नाही, अंगाला हात लावायचा नाही. जिच्यापायी कॅशियरला मार बसावा अशी कुठलीच नोट नसते. चेहरा, कपडे, गाडीचा नंबर, बरोबर कोण होतं हे लगेच लिहून ठेवा आणि कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा.

मग नोट परत द्यायची की नाही? इथे देशादेशांत फरक आहे. अमेरिकेत अधिकृत सल्ला असा, की शक्य असेल तर परत देऊ नका, देणाऱ्याला बोलण्यात गुंतवा आणि पोलिसांना कळवा, तेही स्वतःला धोका नसेल तरच. भारतात खोट्या नोटा जप्त करण्याचा अधिकार बँका, सरकारी कोषागारं आणि रिझर्व्ह बँकेची कार्यालयं यांना आहे, दुकानदाराचं नाव त्या यादीत नाही. माझं मत असं: सौदा पुरा व्हायच्या आधी, नोट समोर असताना संशय आला तर ती स्वीकारू नका, आणि माणूस ओढून घेत असेल तर झटापट न करता जाऊ द्या, मग कळवा. एकापेक्षा जास्त नोटा, एकाच क्रमांकाच्या नोटा किंवा ठरवून आलेली माणसं वाटली तर पोलिसांना फोन करायलाच हवा. पण तो फोन करताना काय बोलतो याचं भान हवं. २५ मे २०२० रोजी मिनिआपोलिसमध्ये वीस डॉलरच्या एका नोटेच्या संशयावरून दुकानातून पोलिसांना फोन गेला आणि त्यानंतरच्या कारवाईत जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला. दोष पोलिस अधिकाऱ्याचा होता, तो न्यायालयात सिद्धही झाला. तरी एका साध्या नोटेचा संशय कुठवर जाऊ शकतो हे त्यातून कळतं. फोनवर 'एक संशयास्पद नोट आली आहे' असं सांगावं, 'चोर पकडलाय' असं नव्हे.

नोट गल्ल्यात गेल्यावर, संध्याकाळी हिशेब करताना सापडली तर ती वेगळी काढा, कमीत कमी हाताळा आणि पाकिटात घाला. पाकिटावर तारीख, अंदाजे वेळ, कोणत्या काउंटरवरची, कोणाची पाळी हे लिहा. अमेरिकेत नोटेच्याच पांढऱ्या कडेवर आपल्या नावाची आद्याक्षरं आणि तारीख टाकायला सांगतात, पण इतरत्र पाकिटावर लिहिलेलं पुरतं. नोट फाडू नका, जाळू नका. मग ती बँकेत किंवा पोलिसांकडे द्या. पैसे परत मिळत नाहीत, ही गोष्ट जवळजवळ सगळीकडे सारखी. भारतात बँक नोटेवर शिक्का मारून ती ठेवून घेते आणि पोच देते. ती पोच मागून घ्या, कारण नोट तुम्ही प्रामाणिकपणे आणून दिली याचा तोच कागद आहे. एका व्यवहारात चारपर्यंत खोट्या नोटा निघाल्या तर बँक महिन्याच्या अहवालात पोलिसांना कळवते. पाच किंवा जास्त निघाल्या तर थेट गुन्हा नोंदवायला पाठवते. म्हणून 'साठवून एकदाच नेऊ' असं म्हणून संशयित नोटा ड्रॉवरमध्ये ठेवणाऱ्या मालकांना मी कळकळीने सांगतो, असं करू नका. सापडली की त्याच आठवड्यात न्या.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ती गोष्ट. बहुतेक दुकानांत खोटी नोट निघाली की ती रक्कम कॅशियरच्या पगारातून कापतात. मालकाला वाटतं, यामुळे पोरं लक्ष देतील. होतं उलटंच. ज्या पोराला आज गल्ल्यात खोटी नोट सापडते, त्याच्यापुढे दोन वाटा असतात: मालकाला सांगून पगार घालवायचा, किंवा गुपचूप पुढच्या गिऱ्हाइकाला सुट्ट्यांत द्यायची. बहुतेक जण काय करतात ते तुम्हालाही माहीत आहे. पहिली वाट घेतली तर नुकसान एका नोटेचं होतं. दुसरी घेतली तर गुन्हा होतो, आणि तो तुमच्या दुकानात, तुमच्या कॅमेऱ्यासमोर. खोटी आहे हे माहीत असून नोट खरी म्हणून पुढे देणं सगळीकडेच गुन्हा आहे. भारतात जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम १७९ त्यासाठी आहे, शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. कलम १८० खोटी आहे हे माहीत असून, खरी म्हणून वापरायच्या इराद्याने ती जवळ बाळगण्याबद्दल आहे, आणि त्यातच म्हटलंय की नोट कायदेशीर मार्गाने हाती आली हे सिद्ध केलं तर तो गुन्हा होत नाही. तुमची वही, पाकिटावरची तारीख, बँकेची पोच हे सगळं तिथे उपयोगी पडतं. ब्रिटनमध्ये १९८१ च्या कायद्याखाली खोटी नोट जाणूनबुजून चालवल्याबद्दल दहा वर्षांपर्यंत कैद आहे, आणि 'मलाही कोणीतरी दिली होती' हा बचाव तिथे पुरत नाही.

म्हणून नियम असा करा: सांगितलेल्या खोट्या नोटेचे पैसे दुकान सोसेल, लपवलेलीचे नाही. वर्षाकाठी काही नोटांचा तोटा धंद्याच्या खर्चात धरा. ज्या काउंटरवर वारंवार निघतात तिथे पगार कापण्याऐवजी उजेड बघा, पाळी बघा, त्या वेळेची गर्दी बघा. त्यातून बहुधा कारण सापडतं. आणि कामावर येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी एक खरी नोट हातात देऊन डोळे मिटून चाचपायला लावा. खोटी नोट नमुना म्हणून दुकानात ठेवायची गरज नाही, ठेवूही नका. खरी पुरेशी ओळखीची झाली की वेगळी बोटांना आपोआप खटकते.

आता मशीन. रोजची रोकड मोजायलाच वेळ जात असेल, किंवा एका वेळी जाड बंडलं येत असतील, तर घ्या. एकेक नोट येणाऱ्या काउंटरला ते फारसं लागत नाही. घेताना नुसता निळा दिवा बसवलेलं मोजणीयंत्र घेऊ नका. नोटेचा आकार, चुंबकीय शाई आणि अवरक्त किरण यांच्यावरही तपासणारं हवं. अवरक्त उजेडात खऱ्या नोटेवरची काही छपाई नाहीशी होते आणि काही उरते, कारण शाया वेगवेगळ्या असतात. साध्या प्रिंटरवर हे जमवणं कठीण आहे. युरोपीय मध्यवर्ती बँक तपासलेल्या मशीनांची यादी जाहीर करते. तुमच्या चलनासाठी अशी यादी असेल तर ती आधी बघा, नसेल तर तुमच्या बँकेच्या रोकड विभागात कोणतं वापरतात ते विचारा. विक्रेत्याकडून एक गोष्ट लेखी घ्या: नवी मालिका आली की सॉफ्टवेअर कोण बदलून देणार, किती दिवसांत, किती पैशांत. हे न विचारल्यामुळे चांगली मशीनं नव्या नोटा बाहेर फेकत राहतात, मग कॅशियर वैतागून तपासणीचं बटण बंद करून ठेवतो आणि मशीन नुसतं मोजत बसतं. महिन्यातून एकदा ते बटण चालू आहे का, ते स्वतः जाऊन बघा.